कुलूप कोणाचे, आठवण कोणाची?

समजा, शाळेच्या संगणक-कक्षातले दहा संगणक एकमेकांना जोडलेले आहेत आणि वार्षिक परीक्षेचे गुणपत्रक त्यांतल्या मुख्य संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवले आहे. गणिताच्या बाईंनी अकरा वाजता ती फाइल आपल्या टेबलावरच्या संगणकावर उघडली. पाच मिनिटांनी विज्ञानाच्या सरांनी तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली. दोघांसमोर सारखेच पत्रक आहे, दोन्ही विषयांचे रकाने कोरे. बाईंनी ४० मुलांचे गुण भरले आणि ११.२० ला फाइल साठवली. सरांनी आपले गुण भरून ११.२५ ला साठवली. साडेअकराला मुख्याध्यापकांनी फाइल उघडली, तर विज्ञानाचे गुण जागच्या जागी आणि गणिताचा रकाना रिकामा!

सरांच्या संगणकाजवळ होती ती ११.०५ ची प्रत. तीत गणिताचे गुण नव्हतेच. तीच प्रत त्याने मूळ फाइलवर लिहिली. बाईंचे काही चुकले नाही, सरांचेही नाही. पडद्यावर एकही सूचना आली नाही. तरीही ४० मुलांचे गुण गेले. बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, दवाखान्यातली नोंद, जिथे जिथे एकाच नोंदीवर अनेकांचे हात पडतात तिथे हा धोका असतो.

त्यावरचा उपाय म्हणजे फाइलला कुलूप घालणे. संगणकाच्या भाषेत त्याला ‘लॉक’ म्हणतात. एकाचे काम चालू असताना दुसऱ्याने थांबायचे, इतकीच कल्पना. एका संगणकावर हे सोपे असते. जाळ्यात मात्र हेच कुलूप कधी उघडतच नाही, कधी लागल्यासारखे दिसून लागलेलेच नसते. असे का होते आणि झाले तर कोठे पाहायचे, हे या लेखात आपण समजून घेऊ.

कुलूप म्हणजे एक नोंद

फाइलचे कुलूप लोखंडाचे नसते. ती फक्त एक नोंद असते: ‘अमुक फाइल, अमुक प्रोग्रॅमने, लिहिण्यासाठी घेतली आहे.’ एकाच संगणकावर ही नोंद त्याची कार्यप्रणाली आपल्या स्मृतीत ठेवते. दुसरा प्रोग्रॅम आला की ती नोंद पाहते आणि त्याला थांबवते. पहिला प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर तेही तिला लगेच कळते आणि ती नोंद खोडते. वीज गेली तर प्रोग्रॅम, नोंद आणि नोंद ठेवणारा असे सगळेच एकदम संपतात. त्यामुळे मागे अनाथ कुलूप राहत नाही.

कुलपे दोन जातींची असतात. फक्त वाचायचे असेल तर एकाच वेळी अनेकांना मिळू शकते ते सामाईक कुलूप. लिहायचे असेल तर एकालाच मिळते ते एकट्याचे कुलूप. शिवाय युनिक्स आणि लिनक्समध्ये हे कुलूप बहुधा सल्ल्याचे असते. वर्गाच्या दारावर ‘परीक्षा चालू आहे’ अशी पाटी लावावी तसे ते आहे. पाटी वाचणारा बाहेर थांबतो. न वाचता दार ढकलणाऱ्याला ती अडवत नाही. म्हणजे फाइल वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमने ‘कुलूप आहे का?’ असे विचारले तरच या सोयीचा उपयोग. विंडोजमध्ये मात्र कार्यप्रणाली स्वतःच दुसऱ्याला अडवते. हा फरक पुढे आपल्या उपयोगी पडेल.

विसराळू सर्व्हरचा गुण

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ साली ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ तयार केली. तिलाच थोडक्यात एनएफएस म्हणतात. दुसऱ्या संगणकावरची फाइल आपल्याच संगणकावर असल्यासारखी वापरता यावी, हा तिचा हेतू. फाइली मागणाऱ्या संगणकाला क्लायंट म्हणतात.

या रचनेतली सर्वांत हुशारीची गोष्ट म्हणजे सर्व्हरला मुद्दाम विसराळू ठेवले होते. कोणी कोणती फाइल उघडली आहे, कोण कोठपर्यंत वाचत आला आहे, यातले काहीच तो लक्षात ठेवत नसे. क्लायंटने प्रत्येक वेळी पूर्ण प्रश्न विचारायचा: ‘या क्रमांकाच्या फाइलमधले ४०९६ व्या बाइटपासून पुढचे १००० बाइट दे.’ सर्व्हरने उत्तर द्यायचे आणि विसरून जायचे. फायदा असा, की सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी काही बिघडत नाही. क्लायंट तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि सर्व्हर जागा झाला की उत्तर देतो. वापरणाऱ्याला वाटते, आज संगणक जरा सावकाश चालतो आहे.

आता अडचण लक्षात येईल. कुलूप म्हणजे नोंद, आणि नोंद म्हणजे आठवण. विसराळू सर्व्हरने कुलूप सांभाळायचे कसे? म्हणून कुलपांचे काम मूळ एनएफएसच्या बाहेर ठेवले गेले. त्यासाठी दोन वेगळे सेवक नेमले. ‘लॉकडी’ कुलपांची नोंद ठेवतो. ‘स्टॅटडी’ कोणता संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला, याची खबर ठेवतो.

लॉकडीची वही स्मृतीत असते, सर्व्हर बंद पडला की ती पुसली जाते. स्टॅटडी मात्र ज्यांच्याशी कुलपांचा व्यवहार आहे अशा संगणकांची नावे डिस्कवर लिहून ठेवतो. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की स्टॅटडी त्या सर्वांना कळवतो, ‘मी नव्याने उठलो आहे.’ मग प्रत्येक क्लायंट आपापली कुलपे पुन्हा नोंदवतो. यासाठी काही काळ राखून ठेवलेला असतो आणि तेवढ्या वेळात नवे कुलूप कोणालाच मिळत नाही. शाळा भरल्यावर आधी हजेरी, मग नवे प्रवेश, असाच हा प्रकार आहे.

क्लायंट बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर याच्या उलट होते. त्याचा स्टॅटडी सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर त्याची जुनी कुलपे मोडतो. पण तो क्लायंट पुन्हा सुरूच झाला नाही तर? कोणी तो उचलून दुरुस्तीला नेला तर? मग सर्व्हरला कोणीच काही कळवत नाही. कुलूप तसेच राहते आणि पुढचा माणूस वाट पाहत बसतो.

मुदतीचे कुलूप

एनएफएसची चौथी आवृत्ती २००० साली प्रसिद्ध झाली आणि २००३ साली ती सुधारण्यात आली. तिने विसराळूपणा सोडला. कुलपे मुख्य व्यवस्थेतच आली आणि लॉकडी-स्टॅटडीची गरज उरली नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुलूप मुदतीवर मिळू लागले. वाचनालयाच्या पुस्तकासारखे: मुदत संपण्याआधी नूतनीकरण करा, नाहीतर पुस्तक दुसऱ्याला जाईल. लिनक्स सर्व्हरवर ही मुदत सहसा ९० सेकंदांची असते. क्लायंट अधूनमधून ‘मी आहे’ असे कळवत राहतो. तो गप्प झाला आणि मुदत उलटली की सर्व्हर त्याचे कुलूप दुसऱ्याला देऊ शकतो.

अनाथ कुलपाचा प्रश्न यामुळे सुटला, पण त्याची किंमत द्यावी लागली. क्लायंट बंद पडलेला नाही, नुसती जाळ्याची तार सैल होऊन दोन मिनिटे संपर्क तुटला, असे समजा. सर्व्हरच्या दृष्टीने मेलेला क्लायंट आणि मुका झालेला क्लायंट यांत काहीच फरक नाही. दोघांकडूनही उत्तर येत नाही. सर्व्हर कुलूप दुसऱ्याला देतो आणि इकडे पहिल्याला वाटत असते, कुलूप आपल्याकडेच आहे. म्हणून लिनक्सचा क्लायंट, मुदत संपून गेलेले कुलूप परत आल्यावर गुपचूप पुन्हा घेत नाही. तो त्या प्रोग्रॅमला चूक दाखवून थांबवतो. हे गैरसोयीचे वाटले तरी योग्य आहे, कारण मधल्या वेळात फाइल कोणी बदलली असेल हे त्याला ठाऊक नसते.

जाळ्यातल्या कुलपांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे. समोरून उत्तर येत नाही याचा अर्थ समोरचा संपला असा घ्यायचा की नाही, हे दूर बसून नक्की ठरवता येत नाही. म्हणून दोष शोधताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत: कुलूप कोणी घातले आहे? त्याची नोंद कोणाकडे आहे? आणि घालणारा अजून काम करतो आहे का?

चार तक्रारी आणि त्यांचा शोध

*पहिली तक्रार: फाइल दिसते, वाचता येते, पण प्रोग्रॅम उघडताना अडकून बसतो.* ही खूण महत्त्वाची आहे. वाचन-लेखन चालते, म्हणजे जाळे ठीक आहे. अडते ते कुलपापाशी. तिसऱ्या आवृत्तीत फाइलींची ये-जा २०४९ या क्रमांकाच्या पोर्टमधून होते, तर लॉकडी आणि स्टॅटडी यांची पोर्टे वेगळी असतात. ती बहुधा दर वेळी बदलतात आणि त्यांचा पत्ता १११ क्रमांकाच्या पोर्टवरच्या सेवकाला विचारावा लागतो. सुरक्षेसाठी घातलेल्या भिंतीत, म्हणजे फायरवॉलमध्ये, फक्त २०४९ ची खिडकी उघडी ठेवली असेल तर फाइली आत-बाहेर जातात, कुलपाची विनंती मात्र भिंतीवर आपटत राहते. ‘आरपीसीइन्फो’ या आज्ञेने सर्व्हरवरच्या सेवांची यादी मिळते. तीत १०००२१ म्हणजे कुलपांची सेवा आणि १०००२४ म्हणजे स्थितीची सेवा. दोन्ही यादीत आहेत का ते पाहावे. मग त्यांची पोर्टे कायमची ठरवून भिंतीत तेवढ्याच खिडक्या उघडाव्यात, किंवा चौथी आवृत्ती वापरावी, कारण तिला २०४९ हे एकच पोर्ट पुरते.

सर्व्हर नुकताच सुरू झाला असेल तर मात्र काहीही करू नये. हजेरी चालू आहे. दीड-दोन मिनिटे थांबून पाहावे.

*दुसरी तक्रार: ‘कुलपे उपलब्ध नाहीत’ अशा अर्थाची सूचना येते.* वाचणाऱ्याला वाटते, कुलपांचा साठा संपला. बहुतेक वेळा तसे नसते. स्टॅटडी चालू नसल्यामुळे लॉकडी त्या संगणकावर लक्ष ठेवू शकत नाही आणि म्हणून कुलूप द्यायचे नाकारतो. लिनक्समध्ये तिसऱ्या आवृत्तीने सर्व्हरची फाइल-जागा जोडताना स्टॅटडी बंद असेल तर सूचना येते आणि ती दोन वाटा सुचवते: एक, ‘नोलॉक’ हा पर्याय देऊन कुलपे स्थानिकच ठेवा, दोन, स्टॅटडी सुरू करा. घाईत असलेला माणूस पहिली वाट धरतो, कारण तिने काम लगेच सुरू होते. तिसरी तक्रार तिथेच जन्माला येते.

*तिसरी तक्रार: कोणतीही सूचना नाही, पण फाइलमधला मजकूर हरवतो किंवा बिघडतो.* ‘नोलॉक’ म्हणजे कुलूप नाही असे नव्हे. कुलूप लागते, पण ते त्याच संगणकावरच्या इतर प्रोग्रॅमांपुरते. दुसऱ्या संगणकाला त्याचा पत्ताच नसतो. प्रत्येक शिक्षकाने ‘परीक्षा चालू आहे’ ही पाटी दाराच्या आतल्या बाजूने लावावी, तसे हे होते. चारही तक्रारींत ही सर्वांत घातक, कारण सगळे सुरळीत चालल्यासारखे दिसते. त्यामुळे मजकूर हरवण्याची तक्रार आली की फाइल-जागा कोणत्या पर्यायांनी जोडली आहे, हे प्रत्येक क्लायंटवर आधी पाहावे.

असेच फसवे वागणे जुन्या लिनक्समध्येही होते. प्रोग्रॅमला कुलूप मागण्याच्या दोन पद्धती आहेत, ‘फ्लॉक’ आणि ‘एफसीएनटीएल’. यांतली फ्लॉकची कुलपे २००५ साली आलेल्या २.६.१२ या कर्नलपूर्वी एनएफएसवरून सर्व्हरपर्यंत जातच नसत. तेव्हापासून ती एफसीएनटीएलच्या कुलपांत रूपांतरित करून पाठवली जातात. सामाईक फोल्डर विंडोजच्या संगणकांना सांबामार्फत आणि लिनक्सच्या संगणकांना एनएफएसमार्फत दिलेले असेल, तर तिथेही सावध राहावे. एकाची सक्तीची कुलपे दुसऱ्याला सल्ल्याची वाटतात, किंवा दिसतही नाहीत. शक्यतो एक फोल्डर एकाच वाटेने द्यावे.

*चौथी तक्रार: ज्याने कुलूप घातले तो संगणक केव्हाच गेला, तरी कुलूप निघत नाही.* तिसऱ्या आवृत्तीचे हे जुने दुखणे. आधी नावाचा घोळ तपासावा. क्लायंट पुन्हा सुरू होताना स्वतःचे नाव कळवतो. ते सर्व्हरच्या वहीतल्या नावाशी जुळले नाही, उदाहरणार्थ एकीकडे आखूड नाव आणि दुसरीकडे पूर्ण नाव असले, तर सर्व्हर म्हणतो, ‘मी तुला ओळखत नाही’, आणि जुने कुलूप तसेच राहते. लिनक्समध्ये चालू कुलपांची यादी ‘प्रॉक’ फोल्डरातल्या ‘लॉक्स’ या फाइलमध्ये दिसते. तिथे फाइलचे नाव नसते, तिचा आयनोड क्रमांक असतो. तो आपल्या फाइलच्या क्रमांकाशी ताडून पाहावा.

यावर एक झटपट युक्ती सांगितली जाते: फाइलचे नाव बदलायचे, तिची प्रत काढायची आणि प्रतीला जुने नाव द्यायचे. कुलूप नावाला नसते, आयनोडला असते. त्यामुळे नवी प्रत मोकळी मिळते. युक्ती खरी आहे. पण जुना धनी जिवंत असेल तर तो जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहील आणि त्याचे काम कोणाच्याही नजरेस येणार नाही. तो खरोखर बंद आहे, हे त्या टेबलापाशी जाऊन पाहिल्याशिवाय ही युक्ती वापरू नये. त्यापेक्षा सर्वांना कळवून, सोयीच्या वेळी, सर्व्हरची सेवा पुन्हा सुरू करणे बरे. मग हजेरी होते, जिवंत क्लायंट आपली कुलपे परत नोंदवतात आणि गेलेल्यांची आपोआप गळून पडतात.

कार्यालयातली छोटी फाइल

एक्सेल आणि लिब्रेऑफिस यांचे कुलूप आपल्या रोजच्या परिचयाचे आहे. दस्तऐवज उघडला की हे प्रोग्रॅम शेजारीच एक छोटी लपलेली फाइल तयार करतात. एक्सेल आणि वर्डच्या अशा फाइलचे नाव ‘~$’ या चिन्हांनी सुरू होते. लिब्रेऑफिसच्या फाइलच्या नावात टिंब, नागमोडी चिन्ह आणि ‘लॉक’ हा शब्द असतो. उघडणाऱ्याचे नाव तीत लिहिलेले असते. ‘ही फाइल अमुक व्यक्ती वापरत आहे’ हे दुसऱ्याला त्यावरूनच सांगितले जाते. दस्तऐवज बंद केला की छोटी फाइल पुसली जाते. मध्येच वीज गेली तर ती मागे राहू शकते आणि कोणीही बसलेले नसताना फाइल व्यापलेली दिसते. ती पुसता येते, पण तोच तिसरा प्रश्न विचारून: तिच्यात ज्यांचे नाव आहे त्यांनी फाइल खरोखर बंद केली आहे ना?

कुलपाची गरजच कमी करावी

अनुभवी मंडळी आणखी एक वाट धरतात. १९९० च्या दशकात डॅनियल बर्नस्टाईन यांनी ई-पत्रे साठवण्याची ‘मेलडिर’ ही पद्धत काढली. पूर्वी एका व्यक्तीची सगळी पत्रे एकाच फाइलमध्ये जोडली जात आणि प्रत्येक नव्या पत्राला कुलूप लागे. मेलडिरमध्ये प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल असते. ती आधी एका तात्पुरत्या फोल्डरात पूर्ण लिहायची आणि मग ‘नवे’ या अर्थाच्या फोल्डरात सरकवायची. सरकवणे एका झटक्यात होते, त्यामुळे अर्धवट पत्र कोणाला दिसत नाही. नावात वेळ, प्रोग्रॅमचा क्रमांक आणि संगणकाचे नाव असल्याने दोन नावे सारखी होत नाहीत. कुलूप लागतच नाही.

शाळेतही हे करता येते. प्रत्येक विषयाची गुणांची फाइल वेगळी ठेवावी, तीत त्या विषयाच्या शिक्षकांनीच लिहावे आणि शेवटी एकाने सर्व रकाने एकत्र करावेत. मोठ्या कामासाठी सर्व्हरवर चालणारा डेटाबेस वापरावा. तिथे फाइलला हात लावणारा प्रोग्रॅम एकच असतो आणि बाकीचे त्याला विनंती करतात. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस फाइलरूपात असतो. त्याचे कर्तेच जाळ्यावरच्या फाइल-जागेत तो ठेवून अनेक संगणकांवरून लिहिण्याबद्दल सावध करतात, कारण तिथली कुलपे भरवशाची नसतात.

करून पाहा

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी: लिनक्सचे दोन संगणक आणि एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने जोडलेले एक सामाईक फोल्डर घ्या. त्यात एक रिकामी फाइल ठेवा. खऱ्या कामाची फाइल घेऊ नका.

१. पहिल्या संगणकावर ‘फ्लॉक’ या आज्ञेने त्या फाइलला कुलूप घालून ‘स्लीप’ ही आज्ञा ६० सेकंद चालवा. दुसऱ्या संगणकावर लगेच तेच करा. दुसरा थांबून राहिला तर कुलूप जाळ्यातून पोहोचते आहे. दोन्ही एकदम चालू झाले तर कुलूप स्थानिकच आहे.

२. आता वेळ ६०० सेकंद ठेवा. पहिल्याने कुलूप घेतले आणि दुसरा वाट पाहू लागला, की पहिल्याची जाळ्याची तार काढा आणि घड्याळ लावा. सर्व्हरची मुदत ९० सेकंद असेल तर त्यानंतर थोड्याच वेळात दुसऱ्याला कुलूप मिळेल. त्याच क्षणी पहिल्याच्या पडद्याकडे पाहा. तिथे काहीच बदललेले नसेल!

संगणक नसतील तर हाच प्रयोग वर्गात खेळता येतो. एका मुलाला सर्व्हर करून वही द्या, दोघांना क्लायंट करा आणि चौथ्याला चिठ्ठ्या नेणारा पोस्टमन. फळ्यावरची एक ओळ म्हणजे फाइल. बोलायचे नाही, पाहायचे नाही, सगळे चिठ्ठीने कळवायचे. खेळ रंगला की पोस्टमनच्या कानात सांगा, की एका क्लायंटची चिठ्ठी खिशातच ठेव. थोड्या वेळाने सर्व्हरला विचारा, ‘तो गेला आहे की त्याची चिठ्ठी अडकली आहे?’ त्याला सांगता येणार नाही. मग वर्गालाच विचारा: किती वेळ वाट पाहून कुलूप दुसऱ्याला द्यावे? कमी वेळ ठेवला तर कोणाचे नुकसान, जास्त ठेवला तर कोणाचे? ९० हा आकडा कोणत्या सूत्रातून आलेला नाही. अशीच तडजोड करून तो ठरवलेला आहे. तुमच्या वर्गाचा आकडा वेगळा आला तर त्यामागचे कारण मुलांकडून लिहून घ्या.